बाइकचा मागचा शॉकर दगडासारखा लागतोय? हलक्या वजनाच्या चालवणाऱ्यांसाठी, हवेपासून स्प्रिंगपर्यंत

मी मेकॅनिक नाही, आधीच सांगून टाकतो. पण आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की दोन-तीन गाड्या माझ्या गेटसमोर येऊन उभ्या राहतात आणि तक्रार एकच असते, "काका, मागून फार आपटते हो." गाडी असते बाबांची नाहीतर मोठ्या भावाची, तो असतो ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा, त्याने मागे बायको, पुढे पोरगं आणि टाकीवर चोइथराम मंडीतली भाजीची पिशवी अशी दहा वर्षं चालवलेली असते, आणि आता तीच गाडी पंचेचाळीस-पन्नास किलोच्या पोराला किंवा पोरीला मिळालेली असते. शॉकर खराब नसतो, तो अजून जुन्या मालकाच्या वजनावर लावलेला असतो एवढंच. दुकानात नेलं की "भिया, शॉकर बदलना पड़ेगा" ऐकायला मिळतं आणि दोन-तीन हजाराचा चुराडा होतो. नवीन शॉकरही बऱ्याचदा स्प्रिंग आवळायच्या रिंगच्या मधल्या खाचेवर बसवून देतात, म्हणजे आपटणं थोडं कमी होतं आणि पोरांना वाटतं पैसे वसूल झाले.

तर मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहितोय. फुकटातलं आधी, पाना नंतर, पैसे सगळ्यात शेवटी.

आधी लक्षणं, कारण "कडक" हा एकच शब्द लोक तीन वेगवेगळ्या आजारांना वापरतात.

खरंच कडक असेल तर असं होतं: स्पीडब्रेकरवर मागचं चाक चढलं की तुम्ही सीटवरून उचलले जाता. बारीक खडबडीत रस्त्यावर, म्हणजे आमच्याकडे नर्मदेच्या पाण्याच्या लाइनसाठी खोदून परत बुजवलेला जो पट्टा असतो ना तसल्यावर, कंबरेत सतत टकटक येते. वळणात खड्डा आला तर मागचं चाक बाजूला उडी मारल्यासारखं सरकतं. आणि सगळ्यात पक्की खूण, मागे कोणी बसलं की गाडी एकदम शहाणी होते. एकट्याने वाईट आणि डबलसीट मस्त असेल तर नव्वद टक्के तुमचं काम या लेखातच होणार.

पण शॉकरचं तेल गेलेलं असेल तरीही माणूस उडतोच. फरक असा की तो एकदा उडून थांबत नाही, गाडी झोपाळ्यासारखी दोन-तीनदा वरखाली होते. गाडी स्टँडवरून उतरवा, सरळ धरा, सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. वर येऊन लगेच थांबली तर शॉकरचा दम शाबूत आहे. डुचमळत राहिली तर दम गेलाय, तिथे पुढचे उपाय करून काही होणार नाही. तिसरा प्रकार म्हणजे शॉकर उलट इतका मऊ झालेला असतो की प्रत्येक खड्ड्यात तळाला जाऊन ठक्कन लागतो आणि माणसाला वाटतं कडक आहे. हलक्या चालवणाऱ्याच्या बाबतीत हे कमी होतं, पण जुनी गाडी असेल तर शॉकरच्या दांड्यावर बोटभर ग्रीस चोपडा आणि एक चक्कर मारून या. ग्रीस कुठवर पुसलं गेलंय त्यावरून दांडा किती आत गेला ते कळतं. पार शेवटच्या रबरापर्यंत पुसलं असेल तर तुमचा रोग कडकपणाचा नाही.

हवा

हसू नका. निम्म्या गाड्या इथेच सुटतात. पंपावरचा पोरगा किंवा पंचरवाला विचारत नाही, मागे चाळीस ठोकून मोकळा होतो. गाडीच्या चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, स्विंगआर्म) स्टिकर असतो, त्यात मागच्या चाकाचे दोन आकडे असतात, एक एकट्याचा आणि एक डबलसीटचा. तुम्हाला एकट्याचा हवा. टायर हा पण स्प्रिंगच आहे, बारीक खडी आणि चिरा तोच गिळतो, शॉकरपर्यंत ते पोचायलाच नको असतात. टायर दगड केला की शॉकर कितीही मऊ करा, टकटक जाणार नाही. हवा सकाळी टायर थंड असताना बघा, चालवून गरम झाला की आकडा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो. आणि स्टिकरच्या खाली जाऊ नका, मऊपणासाठी वीसवर आणणारे महाभाग पाहिलेत मी, खड्ड्यात रिम वाकते आणि वळणात गाडी तरंगते.

सीट आणि चेन

सीटचा फोम अंगठ्याने दाबून बघा. बाजारात नवीन कव्हर चढवून घेताना फोमपण बदललेला असतो कधीकधी, आणि तो असतो फळीसारखा. पाच मिनिटांत सीट शेजारच्याच्या सारख्याच गाडीवर लावून बघता येते, अजून काय पाहिजे.

चेनचं कोणी बघत नाही आणि मला याचं फार आश्चर्य वाटतं. चाक वर जातं तेव्हा चिमटा गोल फिरतो, आणि पुढची गरारी (चेनचं दातेरी चाक), चिमट्याचा पिन आणि मागचा एक्सल एका रेषेत येईपर्यंत चेनला जास्त लांबी लागते. चेन आधीच ताणून बसवली असेल तर ती दोरीसारखी चिमट्याला धरून ठेवते, शॉकर बिचारा दबायला तयार असतो पण चेन दबू देत नाही. साध्या गाड्यांना खालच्या बाजूला मध्यावर बोटाने वरखाली केलं तर साधारण २० ते ३० मिमी खेळ लागतो, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. चाक फिरवत चार जागी तपासा, चेन एकीकडे ताणलेली आणि एकीकडे ढिली असते.

आता टेप घ्या

इथपर्यंत जमलं नसेल तर पाना उचलायच्या आधी मोजा. हे मी कळकळीने सांगतोय कारण मी स्वतः पहिली दोन वर्षं न मोजताच पाना फिरवत होतो आणि "आता बरं वाटतंय ना" असं विचारून लोकांना हो म्हणायला लावत होतो.

माझ्या भाचीचं उदाहरण देतो. ती ४६ किलोची, बॅग-हेल्मेट धरून ५१. राजेंद्र नगरहून आयटी पार्क चौराह्यावरून खंडवा रोडला युनिव्हर्सिटीच्या तक्षशिला कॅम्पसला जाते, गाडी तिच्या बाबांची शंभर सीसीची, दोन शॉकरवाली. घरी आली की म्हणायची, "मामा, पाठ गेली माझी."

गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक हवेत. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या काउलवर (सीटखालच्या बाजूच्या कव्हरवर) मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनने रेघ मारली. दोन्हीमधलं अंतर ५४० मिमी. मग गाडी स्टँडवरून काढली, एकाने हँडल धरून सरळ उभी केली, सीट दोनदा दाबून सोडली आणि मोजलं, परत ५४०. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने एक मिलिमीटरपण बसत नव्हती. मग भाची बॅग-हेल्मेटसकट बसली, दोन्ही पाय फूटपेगवर, तिच्या आईने पुढून धरलं, मी मागे उकिडवा, ५३०. फक्त १० मिमी.

त्या गाडीचं मागचं चाक साधारण ८५ मिमी वरखाली जातं. रस्त्यावरच्या गाडीला माणूस बसल्यावर या प्रवासाचा पाव ते एक तृतीयांश भाग खाली जायला हवा, म्हणजे इथे २१ ते २८ मिमी. आणि नुसत्या गाडीने पण थोडं बसायला हवं. का ते नीट समजून घ्या. शॉकरचं काम फक्त उंचवट्यावर दबायचं नाहीये, खड्डा आला की चाक खाली सोडायचं पण आहे. गाडी आधीच पूर्ण वर टेकून बसली असेल तर चाकाला खाली जायला जागाच नाही, खड्ड्यावर ते हवेत लटकतं आणि पलीकडच्या काठावर धाडकन आदळतं. भाचीला जे लागत होतं ते हेच.

मोनोशॉकवाल्या, म्हणजे मागे एकच शॉकर असलेल्या गाडीला डबल स्टँड नसतो बहुतेक. तिथे दोघं जण लागतात, एकाने साइड स्टँडवर गाडी आपल्याकडे झुकवून मागचं चाक जेमतेम उचलायचं आणि दुसऱ्याने पटकन मोजायचं. मागची पकडायची दांडी हलकीशी असेल तर तिला लटकू नका. प्रत्येक माप दोनदा घ्या, एकदा गाडी दाबून हळू वर येऊ देऊन आणि एकदा उचलून हळू खाली सोडून, दोन्हींची सरासरी धरा. दोन मापांत खूप फरक आला तर कुठेतरी काहीतरी अडकतंय, ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवलीय ते ठरवणारी खाचांची रिंग

स्प्रिंगच्या खाली किंवा वर जिन्यासारख्या पायऱ्या असलेली एक रिंग दिसेल. स्प्लेंडरला ५ पायऱ्या, नव्या क्लासिक ३५० ला ६, एफझीच्या मोनोशॉकला ७. त्या फिरवायला चंद्रकोरीसारखा हूक पाना लागतो, टूलकिटमध्ये असतो, नसेल तर पार्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. छिन्नी-हातोड्याने फिरवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार, त्या रिंगची कड तुटली की शॉकर भंगारात.

कुठल्या बाजूला फिरवायचं हे पाठ करू नका, वेगवेगळ्या गाड्यांचं वेगळं असतं. स्प्रिंगकडे बघा. रिंग फिरवल्यावर स्प्रिंग आखूड होत असेल तर कडक करताय, लांब होत असेल तर मऊ. स्प्रिंग सर्वात लांब दिसली की ती पहिली पायरी.

गाडी डबल स्टँडवर पाहिजे, म्हणजे स्प्रिंगवर वजन नसतं. आधी टूथब्रशने पायऱ्यांमधला चिखल काढा, मग गंज सुटायचा स्प्रे मारा आणि चहा पिऊन या. पाना पूर्ण खाचेत बसवा, हाताची मूठ चिमट्यापासून लांब राहील अशी धरा (सटकला की बोटांची सालं निघतात, माझ्या उजव्या हातावर खूण आहे), आणि एकेक पायरी उतरा. प्रत्येक पायरीला "कट्" असा आवाज येतो आणि पान्याला हलका झटका बसतो. पाचव्या पायरीच्या पुढे जोर लावून एकदम पहिलीवर उडी मारायचा शॉर्टकट करू नका, तिथे अडवायची कड असते ती मोडते. डावीकडे जितक्या पायऱ्या तितक्याच उजवीकडे. एक बाजू दोनवर आणि एक चारवर अशा गाड्या मी पाहिल्यात आणि मालक म्हणतो गाडी एकीकडे ओढते.

भाचीची रिंग पाचवर होती. पहिलीवर आणली आणि परत मोजलं: नुसती गाडी ५३०, भाची बसल्यावर ५१६. म्हणजे १० आणि २४. एक रुपया खर्च नाही.

आता एक गोष्ट जी बरेच मेकॅनिकपण उलटी सांगतात. प्रीलोड कमी केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही. स्प्रिंग तीच, ती एका मिलिमीटरला जेवढं वजन मागायची तेवढंच आताही मागते. बदललं काय, तर सुरुवात. आधी तिला इतकं आवळून ठेवलं होतं की हलायलाच मोठा धक्का लागायचा, आता छोट्या धक्क्यालाही ती हलायला लागते आणि गाडी प्रवासाच्या मधल्या भागात उभी राहते. हे लक्षात आलं की पुढची पायरी समजते, पहिल्या पायरीवर आणूनही पुरेसं बसत नसेल तर मग स्प्रिंगच जड आहे आणि रिंग कितीही फिरवून उपयोग नाही.

प्रीलोड उतरवल्यावर तीन गोष्टी बघाच. चेनचा खेळ परत तपासा. हेडलाइट रात्री भिंतीवर मारून बघा, मागून गाडी बसली की झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आणि साइड स्टँडवर गाडी आता किंचित जास्त सरळ उभी राहते, उताराच्या बाजूला लावताना जपून. फायदा असा की पाय थोडे जास्त टेकतात, कमी उंचीच्या पोरींना हाच बदल सगळ्यात आधी जाणवतो.

मग एकच रस्ता ठरवा आणि प्रत्येक बदलानंतर तिथेच त्याच वेगाने चालवा. आम्ही कॉलनीतले तीन स्पीडब्रेकर आणि तो बुजवलेला पट्टा धरलाय. एका वेळी एकच बदल करा, हवा आणि रिंग एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते देवाला माहीत.

महागड्या गाड्यांना रिबाउंडचा स्क्रू असतो, दबलेला शॉकर किती वेगाने परत उघडतो ते त्यावर ठरतं. हलक्या माणसाला तो बऱ्याचदा जास्त बंद असतो, मग शॉकर एका खड्ड्यातून सावरायच्या आत दुसरा येतो, तिसऱ्या-चौथ्याला तो दबलेलाच असतो आणि कडक लागतो. आधी पूर्ण बंद करत क्लिक मोजा, आकडा लिहून ठेवा, परत तिथे आणा आणि मग दोन-दोन क्लिक उघडत चला. गाडी उसळायला लागली की एक पाऊल मागे.

तरीही अडकतंय

दोन मापांतला फरक आठवतोय ना? शॉकरचा खालचा बोल्ट काढून शॉकर बाजूला केला आणि चिमटा हाताने वरखाली केला तर तो लोण्यासारखा फिरायला हवा. चुलत भावाने घेतलेल्या सेकंडहँड गाडीचा चिमटा मी लाथेने हलवला होता. ती गाडी दूधवाल्याची निघाली, दोन्ही बाजूला कॅन अडकवायच्या आकड्यांनी रंग घासलेला, रिंग पाचव्या पायरीवर गंजून एकजीव झालेली, आणि शॉकरच्या स्प्रिंगच्या आत अजून एक बारीक स्प्रिंग घातलेली. दुधासाठी ठीक होतं, शंभर-सव्वाशे किलो माल असायचा रोज. भाऊ ५५ किलोचा. ती रिंग रात्रभर डिझेलमध्ये भिजवूनही हलली नाही, तिथे शॉकरची जोडीच बदलली, आणि चिमट्याचे बुश (पिनभोवतीच्या नळ्या) नवीन टाकले. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधी आतली जादा स्प्रिंग आहे का ते वाकून बघा.

चिमट्याचा पिन काढणं, बुश ठोकणं, मोनोशॉकच्या लिंकेजचे बेअरिंग साफ करणं, हे ज्याच्याकडे प्रेस आणि टॉर्क पाना आहे त्याने करावं. मी करत नाही.

स्प्रिंग बदलायची वेळ

हवा बरोबर, चेन बरोबर, रिंग पहिल्या पायरीवर, चिमटा मोकळा, तरी माणूस बसल्यावर गाडी प्रवासाच्या एक पंचमांशाएवढीही बसत नाही, तर स्प्रिंग जड आहे. अजून एक खूण, माणूस बसल्यावरचं माप बरोबर आणलं पण नुसती गाडीच खूप जास्त बसतेय, तरी स्प्रिंग जडच.

इथे कोणीतरी हमखास सांगणार की दोन वेटोळी कापून टाक, मऊ होईल. नाही होत. उलट कडक होते! वेटोळी कमी झाली की राहिलेल्या प्रत्येक वेटोळ्याला जास्त पिळावं लागतं, त्यामुळे तेवढंच दबायला जास्त वजन लागतं. गाडी खाली बसते ती स्प्रिंग आखूड झाली म्हणून, आणि लोकांना ती मऊ वाटते. मग पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तळाला लागते. तापवून बसवलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट, तिचं पाणीच उतरतं.

मऊ स्प्रिंग हवी तर तार बारीक लागते, आणि फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा पडतो कारण तारेच्या जाडीचा चौथा घात धरला जातो. बाकी सगळं तेच ठेवून ७ मिमीच्या जागी ६.५ ची तार घेतली तर स्प्रिंग जवळजवळ पाव भाग मऊ होते. म्हणून डोळ्याच्या अंदाजाने दुसऱ्या गाडीची स्प्रिंग बसवू नका. दुसऱ्या गाडीचा अख्खा शॉकर बसवायचा असेल तर वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर, बुशचं भोक आणि रुंदी, तिन्ही जुळायला हवं. आखूड शॉकर लावून गाडी खाली आणली तर टायर मडगार्डला घासतो.

इथे हात काढून घ्या

शॉकरच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, दांडा वाकलेला किंवा चरे पडलेला दिसला, मागचं चाक आडवं हलवल्यावर चिमट्यात खेळ जाणवला, किंवा शॉकरच्या बोल्टजवळ चेसिसला बारीक चीर दिसली तर गाडी चालवत नेऊ पण नका, मेकॅनिकला घरी बोलवा. गॅसच्या डब्याचा शॉकर असेल तर तो कोणीही उघडायला तयार झाला तरी देऊ नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो, ते काम सस्पेन्शनच्या वर्कशॉपचंच. आणि स्प्रिंग शॉकरवरून काढायची असेल तर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसरशिवाय अजिबात नाही. दोरीने बांधून, पायाखाली दाबून काढणारे आहेत, मी एकदा बघायला उभा होतो, वरची वाटी सुटून पत्र्याच्या शेडला लागली आणि तिथे खड्डा पडला. मधे कोणाचं तोंड नव्हतं हे नशीब.

भाचीच्या गाडीचं म्हणाल तर महिनाभर झाला, पाठीची तक्रार नाही. फक्त रविवारी तिची आई मागे बसून राजवाड्याला जाते तेव्हा रिंग तीनवर आणि हवा डबलसीटच्या आकड्यावर न्यावी लागते, नाहीतर स्पीडब्रेकरला मेन स्टँड घासतो. पाना तिच्या सीटखालीच ठेवलाय, आता ती स्वतःच फिरवते, मला फक्त टेप धरायला बोलावते.